मागचा ॲक्सल उड्या का मारत होता: एका पिकअपचं प्रकरण

गाडी आली तेव्हा मागचे शॉकअप, म्हणजे उसळी जिरवणारे शॉक ॲब्सॉर्बर, अगदी कोरे होते. ते काढून आधीचे पुन्हा बसवले तरी काही फरक पडणार नाही, असं मी मालकाला म्हणालो, तर ते जरा दुखावलेच. "अहो, गाडी उडतेय. उडणं थांबवायचं तर शॉकअपच ना?" प्रश्न चुकीचा नव्हता, पण उत्तर चुकीचं होतं. मागचा ॲक्सल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारी आडवी नळी, वर-खाली उडताना दिसतो हे खरं, पण त्या उडीचं मूळ वर-खाली हालचालीत नसतं. ॲक्सल आधी पिळतो आणि मग उडतो. या गाडीवर हे नीट उमगेपर्यंत माझ्याही दोन खेपा फुकट गेल्या, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतोय.

गाडी डबल केबिनची पिकअप. मूळ इंजिन काढून तिथे सहा लिटरचं व्ही-एट बसवलेलं, टॉर्क (फिरवण्याचा जोर) साधारण ५०० न्यूटन-मीटर. मागे अखंड ॲक्सल, दोन्ही बाजूंना पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग), ॲक्सल पाट्यांच्या खाली. गाडी उंच करायला पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ७५ मिलिमीटरचे लोखंडी ठोकळे. टायर ३५ इंची, मागे डिफ लॉक, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल जखडून ती एकत्र फिरवणारी सोय. तक्रार एकच: खडकाळ चढावर लो रेंजमध्ये (वेग कमी, जोर जास्त) दुसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की मागून धडधडधड असा हातोडा सुरू होतो, गाडी पुढे सरकत नाही, आणि पाय काढला की क्षणात सगळं शांत. या धडधडीत मागे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे दोन क्रॉस (सांधे) तुटले होते आणि शॅकलचा, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याचा, एक बोल्ट वाकला होता.

पाय काढताच थांबतं, हा धागा फार मोलाचा. रस्त्याच्या खाचखळग्यांमुळे होणारी उडी पाय काढला म्हणून तिथल्या तिथे थांबत नाही. टॉर्कवर जगणारी उडी थांबते. डिफ लॉक लावलेला असताना दोन्ही चाकं एकदम उडत होती. लॉक काढला की डावं-उजवं आळीपाळीने नाचायचं. दोन्हींचं कारण एकच, फक्त रूप वेगळं.

आधी बघून घ्यायचं ठरवलं. डिफ हाउसिंगच्या एका बोल्टवर पांढरा रंग दिलेली लोखंडी पट्टी लावली, ती पिनियनच्या (शाफ्ट ज्याला फिरवतो त्या डिफच्या छोट्या गिअरच्या) बाजूने पुढे डोकावत होती. चासीला एक पुठ्ठा बांधला आणि त्यावर अंशांच्या रेघा मारल्या. शेजारी मोबाइल घट्ट बांधला, सेकंदाला २४० फ्रेमवर. गाडीखाली किंवा मागे कोणीही उभं राहायचं नाही हे आधीच बजावलं होतं, कारण पिळलेल्या पाट्यात किती ताकद साठते हे तुटलेला क्रॉस ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

तो व्हिडिओ सावकाश चालवून बघताना मजा आली. ॲक्सिलरेटर दाबल्यावर पहिल्यांदा चाक फिरतच नाही. पिनियनचं नाक हळूहळू वर चढत जातं: चार अंश, सात अंश, अकरा अंश. पाट्याचा पुढचा अर्धा भाग वर फुगतो, मागचा खाली दबतो आणि सगळा पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा दिसायला लागतो. मग टायर सुटतो. नाक आपटून खाली येतं, ॲक्सल जमिनीवरून हलतो, टायर पुन्हा पकडतो आणि नाक पुन्हा वर. एका फेरीला सव्वीस-सत्तावीस फ्रेम लागत होत्या, म्हणजे सेकंदाला जवळपास नऊ उड्या. टायरची हवा ३० पीएसआयवरून १६ वर आणली तर चौतीस फ्रेम, म्हणजे सात उड्या. ताल बदलला, रोग तोच.

हे चक्र स्वतःच स्वतःला का पोसतं, ते जरा सावकाश समजून घेण्यासारखं आहे. चाक पुढे फिरतं तेव्हा हाउसिंग उलट फिरू बघतं, म्हणून नाक वर. टायर सुटला की पाटा मोकळा होतो आणि नाक खाली येतं. खाली येतानाची हाउसिंगची फिरकी चाकाच्याच दिशेची असते, त्यामुळे ती चाकाच्या वेगात भर घालते आणि घसरणारा टायर आणखी घसरतो. पुढे नाक वर जाताना ती चाकाच्या वेगातून वजा होते, म्हणून टायर पुन्हा पकडतो. म्हणजे चुकीच्या क्षणी धक्का आणि चुकीच्या क्षणी ब्रेक. झोपाळा प्रत्येक फेरीला कोणीतरी नेमका हलवत राहावा तसं. त्यात भर अशी, की जड टायर-चाकांसकट ॲक्सलचा टायरवर उसळण्याचा स्वतःचा ताल आणि पाट्यात पिळण्याचा ताल साधारण एकाच टापूत पडतात, सेकंदाला सात ते बारा. एकाला दुसरा साथ देतो. शॉकअप दोन्हीकडे ॲक्सलच्या जवळपास मधोमध, उभे लावलेले असले, तर पिळण्याविरुद्ध त्यांना हात लांब करायला जागाच नसते. कितीही कडक आणा.

क्रॉस का तुटले, तेही यातूनच कळतं. पिनियन वर चढला की मागच्या क्रॉसचा कोन कमी होतो आणि पुढचा तसाच राहतो. दोन कोन जुळत नाहीत तेव्हा शाफ्टच्या प्रत्येक फेरीला दोनदा झटका बसतो. पण क्रॉस मोडणारा खरा फटका वेगळा. हवेत वेगाने फिरणारं ३५ इंची चाक जमिनीला टेकून एकदम पकडतं आणि ते सगळं फिरतं वजन उलट शाफ्टवर येतं.

आता थोडा हिशेब. वर्कशॉपमध्ये असा हिशेब मांडायची सवय कमी असते, पण इथे त्यानेच मला माझी चूक दाखवली. लो रेंज, दुसरा गिअर आणि डिफचं गुणोत्तर धरून या गाडीत साडेबारा हजार न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क चाकांपर्यंत येऊ शकतो. पुढच्या ॲक्सलचा वाटा वजा केला तरी टायर पेलेल त्यापेक्षा हा जास्तच आहे, त्यामुळे मर्यादा इंजिनाची नाही, पकडीची. चढावर मागच्या ॲक्सलवर १४०० किलो धरा आणि पकड ०.८ धरा, तर जमिनीवरचा जोर येतो ११ हजार न्यूटन. हा जोर जमिनीवर लागतो आणि पाटा तो वर कुठेतरी पेलतो. त्यामुळे पिळणारा टॉर्क मोजायचा तो जमिनीपासून पाट्यापर्यंतच्या उंचीवर. दाबलेल्या टायरची त्रिज्या ०.४२ मीटर, त्यावर अर्धी ॲक्सल ट्यूब आणि बैठक ०.०५, त्यावर ठोकळा ०.०७५. एकूण ०.५४५ मीटर. जोराने गुणलं की सहा हजार न्यूटन-मीटर.

पाट्याची पिळण्याविरुद्धची कडकपणाची किंमत मोठी वाटते, पण सूत्र सोपं आहे: पाट्याचा साधा कडकपणा गुणिले लांबीचा वर्ग, भागिले चार. या पाट्यांचा कडकपणा मिलिमीटरला ३५ न्यूटन, लांबी १.४ मीटर. दोन्ही मिळून रेडियनला ३४ हजारांच्या वर न्यूटन-मीटर. सहा हजारांना त्याने भागलं की दहा अंश. पुठ्ठ्यावर अकरा दिसले होते. उरलेला एक अंश ढिलाईचा असणार, असं मी धरून चाललो आणि तिथूनच कामाला लागलो.

ढिलाई होतीच. ॲक्सल पाट्यांना बांधणाऱ्या चारही यू-बोल्टचे नट एक-सव्वा फेरी घट्ट झाले. पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं एका बाजूने घासून चकाकत होतं, म्हणजे ॲक्सल पाट्यावर सरकत होता. पुढच्या डोळ्यातल्या बुशचं रबर फाटून एका बाजूला जमा झालेलं. यू-बोल्ट नवेच घेतले. ताणलेला यू-बोल्ट पुन्हा घट्ट करून वापरायची सवय अनेकांना असते. तो टॉर्क रेंचवर आकडा दाखवतो, पण धरत नाही. थोडं चालवून पुन्हा टॉर्क दिला. व्हिडिओत अकराचे दहा झाले आणि आवाजातला लोखंडी खणखणाट गेला. उडी तशीच.

आता माझी पहिली चूक. ठोकळा पाहून मला वाटलं, दोषी हाच. काढायचा. मग उंची कुठून आणायची? जास्त कमान असलेले पाटे लावून. कमानीचे पाटे बसवले. उंची तीच आली, ठोकळा गेला, गाडी दिसायला सुबक झाली. चढावर नेली, तर नाक पुन्हा अकरा अंश, उलट किंचित जास्तच. मालक काही बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

रात्री तोच हिशेब पुन्हा मांडला. ठोकळा गेल्यामुळे उंची ०.५४५ वरून ०.४७ झाली, म्हणजे टॉर्क सहा हजारांवरून बावन्नशेच्या आसपास. चौदा टक्के फायदा. पण नवे पाटे खडकावर मऊ चालावेत म्हणून जरा नरम निवडले होते, मिलिमीटरला २८ न्यूटन. कडकपणात वीस टक्के तोटा. भागाकार केला तर पावणेअकरा अंशांच्या आसपास. जे ठोकळ्यातून कमावलं ते पाट्यात गमावलं, वर थोडं पदरचं घातलं. हे आधी कागदावर मांडलं असतं तर एक आठवडा वाचला असता.

मग दुसरा मार्ग, ज्याला सगळे ट्रॅक्शन बार म्हणतात. हाउसिंगला पक्का जोडलेला एक लांब दांडा पुढे नेऊन चासीला अडकवायचा, म्हणजे नाक वर जाऊ पाहील तेव्हा दांड्याचं टोक चासीला टेकेल. आमच्याकडे डाव्या-उजव्या अशा जोडीचे तयार दांडे आले. मागची दोन टोकं ॲक्सलला वर-खाली पक्की, पुढचं टोक चासीला साध्या पिनने. लावले, चढावर नेलं, आणि उडी गायब. पूर्णपणे गायब. मालक हसत हसत गाडी घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी परत. मागचं एक चाक दगडावर चढलं की दुसरं हवेत तरंगत होतं, आणि ॲक्सलवरच्या ब्रॅकेटच्या वेल्डिंगला केसाएवढी भेग पडली होती. रॅम्पवर मोजून पाहिलं: आधी एक चाक ५२० मिलिमीटर वर गेलं तरी समोरचं जमिनीवर टिकायचं, आता ३१० मिलिमीटरलाच उचललं जात होतं. चूक माझीच, कारण दांडे कसे लावायचे ते मी ठरवलं होतं. दोन्ही बाजूंचे दांडे हाउसिंगला पक्के असतील तर ॲक्सल तिरका होताना डावा दांडा हाउसिंगला एका दिशेला फिरवू बघतो आणि उजवा दुसऱ्या. हाउसिंग म्हणजे एक जाड नळी, ती पिळत नाही. तेव्हा आख्खा ॲक्सल अँटी-रोल बारसारखा, म्हणजे एका चाकाला दुसऱ्यापासून वेगळं वर-खाली होऊ न देणाऱ्या दांड्यासारखा, वागतो. त्यात पिनने अडकवलेलं टोक पुढे-मागे सरकू शकत नाही, आणि पाट्यावरचा ॲक्सल वर-खाली होताना थोडा पुढे-मागे जातोच. दोन्ही भांडणं शेवटी वेल्डिंगवर आली.

रस्त्यावर शर्यतीच्या गाडीला असे दोन दांडे चालतात, कारण तिथे चाकं एकमेकांच्या फार वर-खाली होत नाहीत. खडकावर नाही चालत.

जुन्या गाड्यांमध्ये या रोगावर कंपन्यांनी काय काय केलं, ते मला या वेळी आठवून बरं वाटलं. १९६७ च्या शेव्हर्ले कॅमॅरोमध्ये मागे एकेकच पान असलेले पाटे होते आणि ताकदवान इंजिनांबरोबर उजव्या बाजूला एकच दांडा द्यायचे. १९६८ मध्ये त्यांनी मागचे शॉकअप एक ॲक्सलच्या पुढे आणि एक मागे असे लावले. असे वेगवेगळ्या बाजूंनी लावलेले शॉकअप हाउसिंगच्या फिरकीलाही लगाम घालतात. क्रायस्लरने पाट्याचा पुढचा भाग आखूड आणि कडक ठेवला. आणि पिकअपच्या जगात फोर्डने २०२१ च्या एफ-१५० रॅप्टरला पाटे सोडून कॉइल स्प्रिंग आणि पाच लिंक (ॲक्सल धरून ठेवणारे दांडे) दिल्या. कॉइल आणि लिंकचा सांगाडा बसवायचा विचार आमच्याही मनात आला, पण त्यासाठी इंधनाची टाकी हलवावी लागत होती. शॉकअप पुढे-मागे करायलाही टाकीच आडवी आली.

कॅमॅरोचा एकच दांडा मात्र डोक्यात राहिला. नळी एकसंध आहे, तर तिला फिरण्यापासून रोखायला एक दांडा पुरतो. दुसरा फक्त अडचण करतो.

तेव्हा एकच दांडा, डिफच्या शेजारी, उजवीकडे. जाड भिंतीच्या नळीचा त्रिकोण: मागची दोन टोकं ॲक्सल ट्यूबच्या वर आणि खाली, पुढचं टोक १.२५ मीटरवर. पुढचं टोक थेट चासीला नाही, तर चासीवरून लोंबणाऱ्या शॅकलला. दोन्ही बाजूंना बुश असलेलं शॅकल, गाडी सपाट उभी असताना सरळ उभं. म्हणजे ॲक्सल पुढे-मागे सरकला तर शॅकल झुलतं, तिरका झाला तर बुश पिळतात, आणि नाक वर गेलं तर शॅकल दाबलं जाऊन अडवतं. रिव्हर्समध्ये तेच शॅकल ताणात जातं, म्हणून तिथेही चालतं.

शॅकलची लांबी ठरवताना जपावं लागलं. आखूड असेल तर चाक पूर्ण लोंबताना ते इतकं आडवं होतं की दांडा कोंबायला लागतो. आम्ही पाटे काढून ॲक्सल जॅकवर पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन, दोरीने रेघ धरून, शॅकल दोन्हीकडे पंधरा अंशांच्या आत राहील इतकं लांब ठेवलं. दांडा आणखी आखूड केला असता तर चढताना गाडीचा मागचा भाग जास्त उचलला गेला असता, पण ब्रेक मारताना तोच दांडा खेळ करतो आणि ब्रेकवरच उडी सुरू होऊ शकते. म्हणून लांबच.

पुढच्या टोकाला किती जोर येणार? बावन्नशे भागिले १.२५, म्हणजे चार हजार न्यूटनच्या थोडं वर, चारशे-सव्वाचारशे किलो. उड्यांच्या झटक्यात याच्या दुप्पट धरावं. चासीच्या बाजूच्या पट्टीला नुसतं ब्रॅकेट चिकटवून हे भागणार नव्हतं. दोन्ही चासी पट्ट्यांमध्ये आडवी नळी घातली आणि शॅकल तिच्यावर घेतलं. ॲक्सल ट्यूबवरचं वेल्डिंग एका दमात न करता चार-चार सेंटिमीटरचे तुकडे आलटून पालटून केले, कारण एका बाजूने तापवली की नळी वाकते आणि ॲक्सल शाफ्टचं बेअरिंग बोलायला लागतं. आमच्या वेल्डरने, म्हणजे ज्यांच्यासमोर मी गप्प राहतो त्यांनी, प्रत्येक तुकड्यानंतर हात लावून बघितला. "थांबा जरा, अजून गरम आहे." अर्धा दिवस गेला त्यात. डिफच्या बिडाच्या घरावर आणि पाट्यांवर एकही वेल्ड टाकला नाही.

शेवटी पाचर. पाट्याखाली दोन अंशांची लोखंडी पाचर घालून पिनियन उभ्या गाडीत दोन अंश खाली झुकवला, म्हणजे जोर लागल्यावर जो थोडा चढेल तो चढून शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन जुळतील. पाचर ॲल्युमिनियमची मिळते, पण ती चिरडते.

मग पुन्हा तोच चढ, तोच पुठ्ठा, तोच मोबाइल. दुसरा गिअर, लो रेंज, ॲक्सिलरेटर. नाक अडीच अंशांपर्यंत गेलं आणि तिथेच थरथरत थांबलं. तो अडीच अंश बुशच्या दबण्यातला आणि नळीच्या लवचिकतेतला. टायर सुटला, तर नुसता फिरला. माती उडाली, ॲक्सल जागेवरच. रॅम्पवर ५१० मिलिमीटर, म्हणजे मूळच्या दहा मिलिमीटर आत. जुने शॉकअप मालकांनी मुद्दाम परत लावून घेतले होते. त्यांना बघायचं होतं.

दोन गोष्टी राहिल्या. चढाला लागताना गाडीचं मागचं टोक आधी खाली बसायचं, आता किंचित उचललं जातं. खडी चढण असेल तर हे पायाला जाणवतं. आणि शॅकलचे बुश पॉलियुरेथेनचे असल्याने पहिल्या धुळीनंतर कुरकुरायला लागले. त्यांना ग्रीसचे निपल देऊन सहा आठवडे झाले. कुरकुर अजून परत आलेली नाही, आणि क्रॉस तोच आहे.